पडद्याच्या दांडीवर

ऑस्ट्राव्हात, खाणवाल्यांच्या जुन्या वसाहतीत, चौथ्या मजल्यावर
बोहदाना सतरा वर्षं एक दोर पाळते आहे.
दोरच म्हणायचं त्याला.
पान नाही, डौल नाही,
बोटाएवढा जाड, कंगोरेदार, मळकट हिरवा,
वीतभर अंतरात दहा ठिकाणी काट्यांची चिमूट.
बहिणीने दिला तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता,
दुकानातून आणलेल्या सॉसेजसारखा.
"आठवडाभर असाच ठेव. कापलेलं तोंड सुकू दे,
मगच माती. घाई केलीस तर कुजेल."
पुढे आईच्या घरावरून दोघींचं बिनसलं.
घाई दोघींनीही केली होती.

हा मात्र लागला.
रेडिएटरला वळसा घालून भिंतीला भिडला,
हवेत मुळं सोडून त्याने वॉलपेपर धरला,
सोडवायला गेलं तर छापील गुलाबाचा तुकडा घेऊनच सुटला,
आणि पडद्याच्या दांडीवर चढून बसला.
तेव्हापासून त्या खिडकीचा पडदा
अर्धाच सरकतो.

हिवाळ्यात त्याला जवळजवळ उपाशी ठेवायचं.
महिन्याला अर्धी वाटी शिळं पाणी, बस.
खिडकीला फट, खोलीत बारा अंश,
बोहदाना दोन स्वेटर घालून कोबी चिरते.
"लाड केले की नुसता लांबतो," ती म्हणते.
ब्रनोहून मुलगा फोनवर विचारतो,
"हे माझ्याबद्दल चाललंय का?"

अकराव्या वर्षी एक कळी आली होती.
त्या रात्री ती ट्रामडेपोत, पाळीवर.
सकाळी दार उघडलं तर दांडीवरून
ओल्या मोज्यासारखं काहीतरी लोंबत होतं
आणि खोलीभर व्हॅनिलाचा वास,
पाहुणा वाट बघून बघून
नुकताच जिना उतरला असावा तसा.

यंदा ती निवृत्त आहे.
यंदा तिने कळी रोज शिवणाच्या टेपने मोजली,
करड्या लवेची, मांजराच्या शेपटीसारखी.
अठरा जूनला संध्याकाळी सातला
टोक जरासं सैल झालं.
आणि तिच्या ध्यानात आलं,
हे एकटीने बघणं आपल्याच्याने व्हायचं नाही.

खाली व्होंड्राचेक. सहा वर्षांचा अबोला.
त्यांच्या छतावर बशीएवढा डाग आहे,
हिच्या कुंडीच्या बरोबर खाली.
तिने बेल दाबली. ते काही बोलले नाहीत,
आत गेले, आणि आपली खुर्ची घेऊन आले.

नऊ वाजता बाहेरच्या पाकळ्या मागे गेल्या, पिवळट, टोकदार,
आतून पांढरं.
"दिवा मालवा," व्होंड्राचेक म्हणाले.
"तीस वर्षं कोळशात काढली मी.
अंधारात कसं बघायचं, ते मला कळतं."
तिने मालवला.
क्षणभर काहीच नाही.
मग हळूहळू, खोलीत दुसरं काहीच उरलं नाही.

उघड्या खिडकीतून एक पतंग आला,
इथलाच, जिन्यातल्या बल्बला टकरा मारणारा.
फुलाभोवती एक फेरी घालून निघून गेला.
याला हवा तो समुद्रापलीकडे, मेक्सिकोत कुठेतरी
दुसऱ्याच कुणाच्या कळीवर फडफडत असेल.
फुलाला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.
ते उघडत राहिलं.

साडेबाराला व्होंड्राचेक खुर्चीतच पेंगले.
बोहदानाने अंधारात नंबर फिरवला. पाठ होता.
"कोण?"
"मी."
"काय झालं? कोण गेलं?"
"कुणी नाही. फुललंय."
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
"बाहेरून पिवळं आहे?"
"आहे."
"माझ्याकडे मूळ झाड आहे," यित्का म्हणाली,
"आणि एकदाही नाही."

बोहदानाने चाचपत स्टूल ओढलं.
फुलाखाली, अगदी जवळ बसली.
"बरं, आधी सांग," ती म्हणाली,
"हिवाळ्यात खिडकी उघडी ठेवतेस का?"