पेन्सिलीची सही

चर्चच्या तळघरात लांब टेबलं मांडली होती.
रविवारी त्यांवर कोलाचे असतात, खसखशीचे, जर्दाळूचे.
त्या शनिवारी त्यांवर आभाळ पसरलं होतं,
सहाशे वेळा तेच आभाळ,
तीच विमानं, तोच चंद्र,
आणि दारातून स्वतःला झोकून देणारा तोच पोरगा,
जबडा आवळलेला, बूट चकचकीत.

चित्रकार आयोवाहून गाडी हाकत आला होता.
सभ्य माणूस. हातात पांढरे सुती मोजे.
वडिलांना दर वाक्याला 'सर' म्हणायचा.
"शाई नको, सर, पेन्सिलच.
शाई छापता येते. पेन्सिलवरून कळतं
की इथे खरोखर कुणीतरी बसलं होतं."

मग वडील बसले.
मी शेजारी, पेन्सिली तासत.

ओथमार ह्रोनेक. ओथमार ह्रोनेक.
जन्मभर मक्याच्या कोठारात वजनाच्या पावत्यांवर
केली तीच सही, घाईची, शेवटी शेपूट ओढलेली.
चाळीस झाल्या तेव्हा शेपूट गेलं.
नव्वदीला हात थरथरू लागला, आणि ते थांबले.

"चंद्र चुकलाय," म्हणाले.

चित्रकारानं वही काढली.
त्या रात्रीचं सगळं त्याच्याकडे लिहिलेलं:
ढग किती, चंद्र कुठे, तास, मिनिटं.
चंद्र बरोबर होता.
"असेल," वडील म्हणाले.
"मला तो खाली दिसला.
मला वाटलं, गवत आहे."

घरात पन्नास वर्षं आम्ही हे कधी ऐकलं नव्हतं.
मी शाळेच्या ग्रंथालयातून वाचून काढलं होतं
की नॉर्मंडीतल्या त्या कुरणांवर जर्मनांनी नदी सोडली होती,
की पाणी कुठे गुडघाभर होतं, कुठे माणूसभर,
की अंगावरचं ओझं जवळजवळ अंगाएवढंच होतं.
वाचलं, आणि पुस्तक मुदतीच्या आत परत केलं.

"आणि विमानात सगळे ओकले होते,"
वडील पुढची प्रत ओढत म्हणाले,
"पण वास कसा काढणार तू, नाही का?"
चित्रकार हसला.
मग मोजे काढून उगाच घडी करत राहिला.

दुपारी अंड्याचं सँडविच अर्धंच खाल्लं त्यांनी.
मी त्यांची बोटं एकेक करून चोळली,
थंडीत गाईची धार काढून आल्यावर आई चोळायची तशी.

चित्रकार चौकटी उतरवायला बाहेर गेला होता
तेव्हा दोनशे बारावी प्रत आली.
वडिलांनी पेन्सिल डाव्या हातात घेतली.
हळूहळू, जीभ दातांत धरून, शाळकरी मुलासारखं
त्यांनी लिहिलं: रॉस्को टिलेट.
अक्षरं मागे रेललेली. त्यांची नव्हेतच ती.
कुणाची तरी चांगली पाठ असलेली.

मी विचारलं नाही.
पातळ कागद वर ठेवला,
त्यावर दोनशे तेरावी सरकवली.
पेन्सिल पुन्हा उजव्या हातात गेली होती.
ओथमार ह्रोनेक.

चित्रं विकली गेली. कुठे कुठे गेली असतील.
दंतवैद्याच्या खोलीत, बँकेत, कुणाच्या गॅरेजमध्ये फ्रीजच्या वर.
कुणीतरी प्रमाणपत्र ताडून पाहिलं असेल,
यादीत हे नाव नाही म्हणून
पैसे परतही मागितले असतील.

वडील गेले त्याला अकरा वर्षं झाली.
अजून मी जुन्या सामानाच्या विक्रीत हिंडते,
आणि ते आभाळ कुठे टेकवून ठेवलेलं दिसलं
की चष्मा लावते, गुडघे टेकते,
वर बघतच नाही.
खाली, कोऱ्या पट्टीत,
बोटानं शोधत जाते.