दहा कोटी डाव

साकोलीच्या अलीकडे, हायवेला लागून
आमचं हॉस्पिटल. मागे बोडी, बोडीत शिंगाडे.
तळघरात मी, एक पंखा,
आणि रात्रभर फासे टाकणारा संगणक.

उरकुडा नंदेश्वर, वय एकसष्ट.
तोंड दोन बोटं उघडतं. खर्रा, चाळीस वर्षं.
डाव्या जबड्यात गाठ, उजवीकडे
चांदी भरलेली दाढ,
मध्ये काढलेल्या दातांची पोकळी:
हवा, हाड, धातू, एकमेकांना खेटून.
साधं गणित इथवर ऐटीत येतं
आणि हवेपाशी पाय घसरून पडतं.

म्हणून एकेक कण सोडायचा.
किती खोल जाईल? फासा.
कुणाला धडकून कुठे वळेल? फासा.
वळताना किती ऊर्जा सांडेल
त्या तांदळाएवढ्या चौकोनात? फासा.
मग पुढचा.
एकाचाही रस्ता मला आधी सांगता येत नाही.

"पोरी, माहा झेंडी-मुंडीचा पट होता,"
जाळीचा मुखवटा बसवण्याआधी उरकुडाजी म्हणाले.
"लाखनी, पालांदूर, सानगडी, साऱ्या मंडया केल्या.
एका डावाचं कोनालेच नाई समजत, मालेबी नाई.
पन पहाटे गल्ल्यात किती भेटन
थे माले सांजेलेच मालूम."

नागपूरला दोन वर्षं वह्या भरून
मी हेच शिकले होते.
त्यात गल्ला नव्हता.

रात्री पावणेतीन. पडद्यावर डोस
आधी फुटाणे सांडल्यासारखा ठिपक्याठिपक्यांनी,
मग बांधीत पाणी पसरावं तसा सपाट होत गेलेला.
चूक दोन टक्के. एकावर आणायची
तर फासे चौपट, दुप्पट नाही.
लाळग्रंथीवर अजून लाल.
एक किरण जरा तिरपा केला.
पुन्हा पहिल्या कणापासून.

लाईन गेली. इन्व्हर्टर कण्हला.
फासे पडतच राहिले.

सकाळी बाकावरूनच त्यांनी विचारलं,
"का म्हनते गल्ला?"
चूक एक टक्का, मी म्हटलं.
गाठीला पूर्ण, मज्जारज्जूला मर्यादेच्या आत.
"अन् माहा डाव?"

तो त्या दहा कोटींत नव्हता.
मी जाळीचे खटके लावले, चार,
बाहेर येऊन जड दार ओढलं.
कॅमेऱ्यात त्यांचा उजवा हात दिसत होता,
मूठ अर्धी मिटलेली,
डब्यात फासे खुळखुळवताना असते तशी.