गप्प असलेलं आधी

सांग्याच्या आरोग्य केंद्रात
जो सर्वांत मोठ्यानं रडतो, त्याला मी थांबवते.
लोकांना राग येतो.
आज एका बापानं टेबलावर हात आपटला.
पोराच्या कपाळाला चार टाके पडतील एवढी खोक,
शर्टभर रक्त, आणि आवाज पार बाजारापर्यंत.
म्हटलं, आवाज आहे म्हणजे वारा आत-बाहेर जातोय.
बसा. ही पट्टी घट्ट दाबून धरा.

आणि रांगेच्या शेपटाकडे गेले,
जिथं कुणी काहीच मागत नव्हतं.

सुलक्षा वेळीप. नेत्रावळीच्या वरच्या अंगाची.
काजूच्या भट्टीवरून तशीच उठून आलेली,
बोंडांच्या रसानं हात चिकट,
बोटांवर बियांच्या चिकाचे काळे डाग.
मांडीवर आठ महिन्यांचं पोर, पदराखाली.
"न्हिदला तो," म्हणाली. अगदी हळू.
दोन दिवस जुलाब, रात्री उलट्या,
"आतां बरो आसा, बाय. रडना."

रडना.
एकतीस वर्षं झाली नोकरीला,
या एका शब्दाएवढी धास्ती मी
रक्ताचीसुद्धा घेतलेली नाही.

आधी हात लावायचा नाही, बघायचं.
उंबऱ्यावरूनच बघावं तसं:
डोळे कुणाला शोधतात का,
छाती कशी हलते,
अंगावर रंग आहे की राख.
पोराचे डोळे अर्धे उघडे, खोल गेलेले,
माझ्या तोंडावरून सरकून छताला लागले.
पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली.
ती तशीच उभी राहिली.
छातीच्या मधल्या हाडावर अंगठा टेकवला,
पाच मोजले, उचलला.
पांढरा ठसा.
एक
दोन
तीन
चार
ठसा जाईचना.

पोराला उचलून मी धावले. या वयात, या गुडघ्यांनी.

डॉक्टर रेवणकर, सव्वीस वर्षांचे, पहिलीच नेमणूक.
हाताची शीर चुकली, पायाची चुकली.
कपाळावरचा घाम बाहीनं पुसत माझ्याकडे पाहिलं,
तेव्हा तेच लहान दिसले मला.
म्हटलं, हाडातून जाऊ.
गुडघ्याखाली एक बोट, आतल्या अंगाचं सपाट हाड.
सुई फिरवा, घाबरू नका, हाड स्वतःच वाट देतं.
दिली. टक्.
सात किलो. एकशे चाळीस मिली, सिरिंजनं, हातानं ढकलत.
साखर अडतीस. आधी ती भरा.

खांबाचा हूक मोडलेला, मार्चपासून अर्ज पडून आहे.
बाटली कुणी धरायची?
एक हात वर आला.
तोच, टेबलावर आपटलेला.
दुसऱ्या हातानं तो आपल्या पोराचं कपाळ दाबून होता.
आणि एकाएकी त्या पोराचं रडणं थांबलं.
माझ्या पाठीवर काटा.
वळून पाहिलं, तर
कुणीतरी त्याला पाव दिला होता.

दुसरी सिरिंज. तिसरी.
भिंतीवरच्या घड्याळात सेकंदकाटा नाही,
मी नाडी मनातल्या मनात मोजते,
पाढ्यासारखी.

मग ओठ वाकडे झाले.
मग एक आवाज, मांजराच्या पिलाचाही मोठा असेल.
मग रडणं. बारीक, कोरडं, रागाचं.
सुलक्षा कळवळली,
"तो रडटा, बाय, दुखता ताका, सुई काडात."
मी तिचा चिकट हात धरून ठेवला.
रडू दे गे.
कितीही रडू दे.

कायतानची गाडी मडगावला गेली, अंगठा दाबला तर
दोन मोजेपर्यंत रंग परत येतो एवढं पाहून.
सायरन केपेंच्या वळणापर्यंत ऐकू येतो म्हणतात,
मला नाही आला.

फोन अजून नाही.
गादीच्या चादरीवर काजूचा वास राहिलाय,
तो साबणानं लवकर जात नाही.
आणि चार टाके घालायचे राहिलेत.
पाव संपला. तो पोरगा पुन्हा ओरडतोय.
बाप कान धरल्यासारखा गप्प उभा,
हात अजून वरच,
बाटली नसताना.