सूर्योदयाची मुदत

मार्चमध्ये चार पानी पत्रक आलं, पॅरिसहून.
‘डॉट मीठ’ हे नवं शेपूट आता नावांना लावता येईल.
पहिले साठ दिवस फक्त ट्रेडमार्कवाल्यांचे.
या मुदतीला ते सूर्योदय म्हणतात.

ब्रिटनीच्या आमच्या खाडीवर असले फॉर्म
नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर, माझ्याच टेबलाशी भरले जातात.
आझिलिझ ल कोर, वय एकोणऐंशी, गुडघ्यापर्यंत गमबूट,
म्हणाली, पुन्हा वाच.
वाचलं.
म्हणाली, सूर्योदयाला मी बांधावरच असते,
मला तर कुणी दिसलं नाही.

तिच्या मिठागरात बावीस वाफे.
वाफ्याला इथे डोळा म्हणतात, आणि डोळ्यांना नावं:
आंधळा, कारण तिथे मीठ उशिरा धरतं,
नवरी,
पाद्र्याचा,
आणि एक नुसताच योनचा;
योन कोण, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.
कुठल्याच दप्तरात ही नोंद सापडायची नाही.
पण ‘नवरीत सोड’ म्हटलं की कुणीही बरोबर तीच फळी उचलतो
आणि पाणी पत्ता न चुकता पोचतं.

मिठागराचं नाव केर-होलेन.
ते सूर्योदयातच गेलं.
स्ट्रासबर्गची एक कंपनी त्या नावाने
आंघोळीच्या पाण्यात टाकायचे जांभळे खडे विकते.
कागद चोख होते त्यांचे. मी तीनदा तपासले.

मग दुसरी मुदत, झुंबडीची.
जास्त पैसे भरा, आधी घ्या;
दोघांचा हात एकाच नावावर पडला तर लिलाव.
एका माणसाने चारशे शब्द उचलले:
समुद्र, पाव, जखम, मासा, पेज.
‘अश्रू’ नऊ हजारांना गेलं.
‘घामा’साठी दोन बोली लागल्या, दोन्ही मोनॅकोतून.
मी हे तिला वाचून दाखवत होतो
आणि ती खिडकीतून भरतीकडे बघत होती.
आमच्यात, ती म्हणाली, कालव्याचं पाणी पाळीनं घेतात.
आधी टोकाचा, मग मधला, शेवटी मी.
तुडेकचं आणि माझं तीस वर्षं बोलणं नव्हतं,
पाळी एकदाही चुकली नाही.

यावर पत्रकात कुठलंच कलम नव्हतं.

ऑगस्टअखेर, संध्याकाळी पाचला, दार सगळ्यांसाठी उघडलं.
येईल त्याचं, पहिला येईल त्याचं.
ती साडेचारलाच येऊन बसली, हाताला चिखलाचा वास.
तिचं आडनाव टाकलं: राखीव.
खाडीचं नाव: राखीव.
आंधळा: गेलेलं. कुणी घेतलं असेल, कशाला?
नवरी: चार हजार दोनशे युरो.
सव्वासहा वाजले. खाली दिवे मालवायला लागले.
तेव्हा चिडून तिने स्वतःच, एका बोटाने,
आमच्या ब्रेटनमधला एक शब्द टाइप केला.
नाक मुरडून म्हणायचा शब्द,
परक्या गावच्या लोण्याबद्दल:
अळणी.

हिरवी खूण आली.
अळणी डॉट मीठ. जगात कुणालाच नको होतं.

अकरा युरो, मी म्हणालो, वर्षाला.
वर्षाला? म्हणजे भाड्याचं?
सगळ्यांचंच भाड्याचं, मी म्हणालो,
समुद्र घेतला त्याचंसुद्धा.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग नाणी मोजायला लागली. मशीन नाणी घेत नाही;
मी माझं कार्ड लावलं.

आता त्या पत्त्यावर एकच ओळ असते.
ती फोनवर सांगते, मी बदलतो:
आज वारा पूर्वेचा. वरची साय धरलीय. दार ढकला, आत या.
किंवा: पाऊस. नका येऊ.
कधी कधी नुसतं: गुडघा.

दुसऱ्या दिवशी तिने दोन किलोंची पिशवी
माझ्या टेबलावर ठेवली होती, ओलसर, करडी.
अजून पुरतेय.
नूतनीकरणाची तारीख मी कुठे लिहून ठेवलेली नाही.
जेवताना आपोआप आठवते.