खोली सतरा

लाईन बाजाराच्या पुढं
रिक्षावाला म्हणाला, ‘हितं कसली बराक, ताई?’
आक्का तिथंच उतरली.

पिशवीत आबांचं डिस्चार्ज बुक.
नाईक तातोबा इंगवले, बराक क, खोली सतरा.
बाकीची शाई वाळवीनं
सावकाश वाचून संपवलेली.

‘नळापासून छत्तीस पावलं,’ ती म्हणाली.
नळ नव्हता. नळाखालचा ओटा होता,
त्यावर कुणाची तरी भज्यांची कढई.
तिथून ती निघाली, मोठ्यानं मोजत,
गाड्या धुवायच्या सेंटरमधून आरपार,
आणि छत्तीस म्हणताना
उभी होती नाल्याच्या काठावर.

आम्ही काय नाल्यात राहत होतो?

मग तिलाच आठवलं:
‘आठ वर्षांची होते की मी.
आणि डोक्यावर कळशी.’

परत ओट्यापाशी.
गुडघ्याचा पट्टा आवळला,
एक हात वर नेऊन नसलेल्या कळशीला लावला,
आणि सत्तरीची आक्का
आखूड आखूड पावलं टाकत,
पाणी हिंदकळू न देता,
चालू लागली.
या खेपेला मोजलं मनातल्या मनात.

छत्तीसावं पाऊल रॅम्पखाली.
वर एक बोलेरो, चिखलानं माखलेली.
पाईप धरलेला पोरगा म्हणाला,
‘काय पडलंय का, मावशी?’
‘खोली,’ ती म्हणाली.

त्याला ऐकू गेलं नसावं. पाणी चालूच होतं.
फेस रॅम्पखालून निघाला,
जरा थबकला, आणि डावीकडं वळला.
‘मोरी तिकडंच होती बघ.
आईनं अळू लावलेलं.’

आता कुठलं अळू, मी म्हटलं.
ती वाकून बघतच होती.