हातचं राखून

पंचेचाळिशीवरच्या गटात नाव एकच आलेलं, माझं.
टेबलावरचा पोरगा म्हणाला, काका, सुवर्ण तुमचंच,
बारा वाजता फोटो, मग जेवून जा.
खोक्यात पदकं होती, चिक्कीच्या वड्यांसारखी
एकावर एक, प्लास्टिकमध्ये.
मी म्हटलं, खुल्या गटात घाल मला.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
मग गुडघ्याच्या पट्ट्याकडे,
मग सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखवलं.

मी चोडणच्या फेरीबोटीवर असतो. सत्तावीस वर्षं
रॅम्प खाली, साखळी वर,
स्कूटर आधी, गाड्या मागून.
बोट सरळ कधीच जात नाही.
ओहोटीला नाक पूर्वेला धरायचं,
रायबंदरचा धक्का राहिला बाजूला असं वाटेपर्यंत,
मग पाणीच तिला आणून लावतं.
घाई नव्या माणसाला असते.

म्हापशाचं पेडे संकुल, निळ्या-लाल मॅटी,
प्रत्येक आईच्या हातात मोबाइल.
समोर डॅरिल मिनेझिस, वय एकोणीस.
ह्याला मी दप्तरासकट उचलून बोटीवर घेतलाय
रॅम्प निसरडा असायचा तेव्हा.
आता त्याची मांडी माझ्या कमरेएवढी.
वाकून नमस्कार केला त्यानं, जरा जास्तच वाकून.
मागून त्याचे सर पुटपुटले, सांभाळून रे.
ते मला ऐकू आलं.
कान अजून शाबूत आहेत, दुर्दैवानं.

हाजिमे.

तो आला कधी आणि गेला कधी.
छातीवर एक टिचकी. एक गुण.
पुन्हा टिचकी.
तिसरी तर अशी, जणू शर्टावरचं सूत काढतोय.
मार बसत नव्हता. मला मान मिळत होता,
फेरीत जागा करून देतात तसा,
बसा अंकल, तुम्ही बसा.

पंचविशीत मी धावत जाऊन मारायचो.
पस्तिशीत अंदाजानं.
चाळिशीनंतर चुकवण्यावर भागवलं.
आता धावणं नाही, अंदाजाला चष्मा लागतो,
उरलंय ते एवढंच:
समोरच्याचं पाणी कुठं वळतंय
ते पायाच्या तळव्याला कळणं.

म्हणून उभा राहिलो. नुसता.
नाक पूर्वेला.
त्याला वाटलं, दमले.
तो निघाला, निवांत, चौथं सूत काढायला,
आणि माझी मूठ तिथं होती
जिथं त्याची बरगडी येणार होती.

हॉलमध्ये कुणीतरी हसलं, मग हसायचं थांबलं.
डॅरिलनं मला पहिल्यांदा पाहिलं.
वयाकडे नाही, पट्ट्याकडे नाही,
मला.

मग आली ती लाथ.
मला दिसली, हेही सांगतो. दिसली नीट,
वळली, उघडली, आणि हात खाली आणायला
मला जेवढा वेळ हवा होता
तेवढा कुणाजवळच नव्हता.
डोळ्यांपुढं मांडवी आडवी झाली.
गुडघ्यावर बसलो, श्वास शोधत,
आणि आत कुठंतरी, दुखण्याच्या बरोब्बर खाली,
एक मूर्ख माणूस खूश झाला.

सात-एक.
सॉरी अंकल, तो म्हणाला.
म्हटलं, त्या तीन टिचक्यांबद्दल म्हण.
ह्या लाथेबद्दल नको.

रात्री शालननं मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम केली.
पन्नाशी कुणाची झाली, विचारलं, माझी की तुमची?
उत्तराची वाट न पाहता दाबून धरली.
सुवर्ण तिथंच राहिलं, खोक्यात,
पुढच्या वर्षी मुलांच्या धावण्याला होईल.

सोमवारी पावणेसातची फेरी.
बाइकवर डॅरिल, पाठीला सॅक, डोळ्यांत झोप.
साखळी ओढली आणि बरगडीनं
माझं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट.
हात अर्ध्यावर थांबला.
त्यानं पाहिलं. एक पाय बाइकवरून खाली टेकवला.
मग माझा चेहरा वाचला,
आणि पाय परत उचलून घेतला.

मी उरलेली साखळी ओढली.
पोरगा शिकतोय.