बाहेर उघडणारं दार

जाताना तेकले टोपी विसरली, रंगपेटी विसरली,
पण सुरवंट मात्र नीट माझ्या हातात दिला.
लोणच्याच्या बरणीत तो, झाकणाला खिळ्यानं पाडलेली नऊ भोकं,
आणि वहीच्या पानावर हुकूम:
अक्रोडाचा पाला, रोज ताजा. पाणी नको. ऊन नको.
आणि बाबा, त्याच्याशी बोलत जा.

मग इरमा आणि ती बारीला गेल्या,
तिथल्या कुणा म्हातारीला भरवायला, अंघोळ घालायला.
कुताइसीत, पाचव्या मजल्यावर, मागे उरलो
टाचा ठोकणारा मी,
आणि बोटाएवढा हिरवा, अंगभर निळ्या टाचण्या टोचल्यासारखा
हा.

बोलणार काय?
दोन दिवस आम्ही दोघंही गप्प.
तिसऱ्या दिवशी फांदी बदलताना धक्का लागला
तर तोच बोलला: चर्र, चर्र,
कोरड्या बुटासारखा.
म्हटलं, चला, आवाज तरी ओळखीचा निघाला.

नोदारच्या अंगणातला अक्रोड मी चोरून ओरबाडायचो.
चौथ्या खेपेला त्यानं पकडलं, आईबहिणीवरून शिव्या घातल्या,
कारण ऐकलं,
आणि स्वतःच शिडी आणली.

ऑगस्टात याचा रंग उतरला, मातकट झाला.
जेवण टाकलं, बरणीभर येरझाऱ्या घातल्या,
मग शिवायला बसला.
तीस वर्षं मी टाके घालतोय, असा हात पाहिला नाही.
ना सुई, ना मेण, ना उस्ताद,
तोंडातून दोरा काढायचा आणि स्वतःलाच आत शिवून घ्यायचं.
एका टोकाला ताठ धाग्यांचा झुबका ठेवला:
आतून ढकललं तर उघडेल,
बाहेरून कुणी बोट घातलं तर टोचेल.
असं दार मी एकदाच पाहिलं होतं,
विमानतळावर.

मे आला. निघाला का? तेकलेनं फोनवर विचारलं.
झोपलाय, म्हटलं.
जूनमध्येही झोपलाय.
जुलैत तिनं विचारलं नाही.
मेलाय तो, नोदार म्हणाला, टाकून दे.
कानाशी धरून हलवला. खडखड नाही.
वाळलेला अक्रोड खडखडतो, भरलेला नाही,
एवढंच माझं शास्त्र.
ठेवून दिला, खिळ्यांच्या डब्याशेजारी.

दुसरा हिवाळा. नळ गोठले, वीज गेली, इरमाचे पैसे वेळेवर आले.
तेकलेच्या बोलण्यात तिकडचे शब्द शिरले,
आधी मिठाएवढे,
मग पिठाएवढे.
आणि मी खिळे ठोकता ठोकता
कोशाला गिऱ्हाइकांच्या तक्रारी सांगू लागलो.

मेच्या एका मंगळवारी, चहा उतू जात असताना,
मागे काहीतरी ओलं सरकलं.
पडद्यावर चढली. ती होती, तो नव्हे.
पंख म्हणजे खिशात चुरगळलेले रुमाल.
तासाभरात माझ्या दोन पंजांएवढी झाली,
चार पंखांवर चार डोळे, पापणी एकालाही नाही.
मी बशीत मध ठेवला. तिनं ढुंकून पाहिलं नाही.
नोदारची नात हसली: काका, हिला खायला तोंडच नसतं!
म्हणजे तो सगळा पाला
या आठवड्याची शिदोरी होता.

रात्री खिडकी उघडी टाकली.
एकच्या सुमाराला आले, पिसांच्या मिशांचे नर,
एक, दोन, मग पाच,
रिओनीपलीकडून, कुठल्या कुठून, पाचव्या मजल्यावर.
मी त्याच खोलीत होतो.
तिनं मारलेली हाक मला ऐकूसुद्धा आली नव्हती.

फोन लावला. तिकडे अकरा वाजले होते.
कुठला सुरवंट? तेकले झोपेतच म्हणाली.
मग श्वास अडकला तिचा.
अंधारात तिला काही दिसेना, पंख तेवढे ऐकू गेले.
बाबा, त्याच्याशी बोलत होतास ना?
रोज, म्हटलं.
यात खोटं फार नव्हतं.

सकाळी पाहतो तर अंडी,
पडद्यावर थोडी, बाकी सगळी
पाद्री इलारिओन यांच्या डाव्या बुटावर.
त्यांना निरोप धाडलाय: तळवा तयार आहे,
पण तीन आठवडे
सँडलवर भागवा.